पितळ उघडं पाडा!

नव्वदच्या दशकातला कुठलाही रीसेलचा फ्लॅट बघायला जा. भिंतींना झक्कास नवा रंग असतो, फ्लोअरिंग बदललेलं असतं, किचनमध्ये ग्रॅनाइट असतो. तरी घर जुनाट वाटतं. का? जरा दाराकडे बघा. चकचकीत सोनेरी हँडल, त्यावर तपकिरी डाग. कपाटांना ‘अँटिक’ म्हणवणाऱ्या काळपट मुठी. बाथरूममध्ये क्रोमचा नळ आणि शेजारी सोनेरी किनारीचा टॉवेल रॉड. घराचं वय भिंतींवर नाही, कडी-कोयंड्यावर लिहिलेलं असतं बॉस!

मग आपण काय करतो? ईएमआय आधीच गळ्याशी आलेला असतो, तरी कॉन्ट्रॅक्टरला सांगून टाकतो, ‘सगळं काढा, मॅट ब्लॅक लावा.’ तो खूश. कारण काढलेला माल तोच ‘फुकट’ उचलून नेणार असतो. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी हे अगदी होणारच होतं. तिच्या सासूबाईंनी फ्रिजवरचं मॅग्नेट काढलं आणि मेन डोअरच्या हँडलला लावलं. चिकटलं नाही. बेडरूमच्या दाराला लावलं, तिथेही नाही. ‘अगं, हे भरीव पितळ आहे. हे भंगारात देऊन तू काय आणणार, पत्रा?’ मैत्रिणीचं उत्तर तयार होतं, ‘पण आई, ते किती घाण दिसतंय!’ दोघींचंही बरोबर होतं. घाण दिसत होतं, पण ते पितळ नव्हतं; पितळेवरचं लॅकर होतं.

भानगड अशी आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हवा लागली की ते काळवंडतं, म्हणून कंपन्या त्यावर पारदर्शक लॅकर चढवतात. दहा-पंधरा वर्षं हात लागून लागून ते जागोजागी उडतं. तिथलं पितळ काळं पडतं, बाकीचं चकचकीत राहतं. त्यामुळे हँडलला कोड फुटल्यासारखं दिसतं. आपण समजतो, माल गेला. प्रत्यक्षात फक्त वरचा कोट गेलेला असतो.

तेव्हा खरेदीला निघण्याआधी तपासणी. मॅग्नेट चिकटलं तर आत लोखंड, वर फक्त गिलिट. असं हँडल गंजायला लागलं असेल तर बिनधास्त बदला. नाही चिकटलं तर लगेच नाचू नका, कारण जस्ताच्या ओतीव मिश्रधातूलाही मॅग्नेट चिकटत नाही. हँडल काढून मागच्या बाजूला, स्क्रूच्या भोकाजवळ खिळ्याने हलकंसं खरवडा. पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर जस्त. झाली परीक्षा!

पितळ निघालं तर हँडल कुलपापासून वेगळं करा आणि स्वयंपाकाला न लागणाऱ्या जुन्या पातेल्यात खायचा सोडा घालून उकळा. बऱ्याचदा लॅकर साल निघाल्यासारखं सुटतं. चिवट असेल तर थिनर. मात्र खिडक्या उघड्या, हातात ग्लोव्हज आणि गॅस बंद. मग पितांबरी किंवा चिंच. एवढा पेशन्स नसेल तर बफिंगवाल्याकडे द्या. पुन्हा लॅकर न लावता तसंच ठेवलंत तर काही महिन्यांत त्याला मधाळ, मंद रंग चढतो. हाच लुक आज दुकानात ‘अनलॅकर्ड ब्रास’ नावाने महागात विकला जातो. शिवाय बोनस आहे: तांब्याच्या मिश्रधातूंवर जंतू फार टिकत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2008 मध्ये तशी अधिकृत नोंद केली. अर्थात लॅकरचा पडदा मध्ये असेल तर हा फायदा विसरा.

नळांचा फंडा वेगळा. क्रोमच्या नळावर घरी स्प्रे मारायचा मोह टाळा. गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही, पाणी आणि साबण लागून पापुद्रे निघतात. पावडर कोटिंगची भट्टी साधारण 180 ते 200 अंशांवर तापते, म्हणजे आतलं रबर आणि प्लास्टिक खलास. कपाटांच्या मुठी खुशाल कोटिंगला द्या, नळ नको. रंगच हवा असेल तर नवा नळ ‘पीव्हीडी’ फिनिशमध्ये घ्या. यात निर्वात कक्षात धातूची वाफ करून अतिशय पातळ पण टणक थर बसवतात. सोनेरी छटा अनेकदा टायटॅनियम नायट्राइडची असते. मात्र टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर मॅट ब्लॅकवर पांढरे डाग रोज पुसायची तयारी ठेवा. आणि टॉयलेट क्लीनर कुठल्याही नळाला लावू नका, त्यातलं अ‍ॅसिड फिनिश खाऊन टाकतं.

समुद्राजवळ राहत असाल तर ‘एसएस’ एवढ्या शब्दावर भुलू नका, ग्रेड विचारा. स्वस्तातलं 202 खाऱ्या हवेत लवकर गंजाचे ठिपके दाखवतं, 304 बरं आणि मॉलिब्डेनम असलेलं 316 सगळ्यात टिकाऊ.

कपाटाच्या मुठी बदलताना दोन भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. ते बहुधा 96, 128 किंवा 160 मिलिमीटर निघेल. तेवढ्याच मापाचं हँडल घेतलंत तर स्क्रू ड्रायव्हरवर काम भागतं. नाहीतर लॅमिनेटमध्ये नवी भोकं, जुनी बुजवायला सुतार आणि तुमचा अख्खा रविवार, सगळंच गेलं.

भाड्याच्या घरात असाल तर काढलेलं प्रत्येक हँडल स्क्रूसकट पिशवीत घाला, वर खोलीचं नाव लिहा. घर सोडताना जुनं लावा, नवं घेऊन निघा. डिपॉझिट सेफ!

आणि सगळं मॅचिंग करायचं टेन्शन घेऊ नका. एका खोलीत दोन फिनिश मस्त चालतात, तिसरं आलं की हार्डवेअरचं दुकान वाटतं. बाथरूममध्ये नळ, शॉवर, रॉड एकाच फिनिशचे ठेवा, दारांवर पितळ राहू द्या. बजेट कमी असेल तर रोज हात लागतो तिथून सुरुवात करा: मेन डोअर आणि वॉशबेसिनचा नळ. बाकीचं पुढच्या बोनसला.

तर या रविवारी मॉलच्या आधी फ्रिजकडे जा. मॅग्नेट काढा आणि घरभर एक फेरी मारा. कुणाचं पितळ उघडं पडतं आणि कुणाचं फक्त गिलिट, ते बघा तर खरं!