दुखणे माशाला, उपास टाकीला

खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणाऱ्यांत एक पंथ आहे. माशाच्या अंगावर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले की या पंथाचे लोक शांतपणे सांगतात, "घाबरू नकोस. इक सगळ्याच टाक्यांत असतो. पाणी चांगले ठेव, खाण्यात लसूण घाल, माशाला ताण देऊ नकोस. आठवड्यात ठिपके जातील." मी ऐकले. ठिपके पाच दिवसांत खरोखरच गेले. पंधरवड्याने निळा सर्जनफिश, म्हणजे मुलांची डोरी, पहाटे खडकाच्या कपारीत आडवा सापडला. त्याच्यामागोमाग आणखी दोन गेले. या सल्ल्याचे खंडन करण्याचा थोडा हक्क मी पैसे मोजून मिळवला आहे.

ठिपके गेले कसे, ते आधी पाहू. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, म्हणजेच खाऱ्या पाण्यातला इक, हा एकपेशी परजीवी माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली आणि कल्ल्यांत शिरतो व तीन ते सात दिवस तिथे खात बसतो. पोट भरले की मासा सोडून तळाशी जातो, वाळूला नाहीतर दगडाला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. कवचात त्याचे तुकडे पडत जातात आणि शेवटी पोहणारी पिल्ले शेकड्याने बाहेर येतात. दिवस-दोन दिवसांत मासा गाठला नाही तर ती मरतात. म्हणजे ठिपका गेला तेव्हा पाहुणा फक्त जेवून उठला होता. परत येताना तो वऱ्हाड घेऊन येणार होता. आपण ज्याला माशाचे बरे होणे म्हणतो, ते त्या परजीवीचे बाळंतपण असते.

"सगळ्याच टाक्यांत असतो" हे तर साफ खोटे. माशावाचून त्याची पुढची पिढी जगत नाही. तो नव्या माशाबरोबर येतो, ओल्या दगडाबरोबर येतो, दुकानाच्या पिशवीतल्या पाण्यातून येतो. काळजीने ढेकूण होत नाहीत. ते कोणाच्या तरी गादीतून येतात, तसेच हे आहे. ताणाने माशाची प्रतिकारशक्ती खचते हे मान्य. एकदा झेललेल्या माशाला काही महिने अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती येते, हेही मान्य. पण समुद्रात ही पिल्ले अथांग पाण्यात विखुरतात; काचेच्या चार भिंतींत तोच मासा त्यांना पुन्हा पुन्हा सापडतो. समुद्रातला दाखला टाकीला लागू करणे म्हणजे मैदानातल्या धुराचा हिशेब बंद खोलीला लावणे.

आता लसूण. वासाने मासा खाऊ लागतो, एवढे खरे, आणि आजारी माशाने खाणे ही थोडकी गोष्ट नाही. पण त्याने कातडीखालचा परजीवी मरतो म्हणणारे लोक फोडणी आणि औषध यांत गल्लत करतात. क्लीनर कोळंबी काही बाह्य परजीवी टिपते, परंतु कातडीच्या आत बसलेला तिने उपसून काढावा ही अपेक्षा जास्तच झाली. पाणी तापवण्याचा उपाय गोड्या पाण्यातल्या इकवरून उचललेला. दिसायला दोन्ही रोग सारखे, पण जीव वेगळे. वर तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि कल्ले आधीच कुरतडलेले असतात.

मुख्य टाकीतच तांबे ओतणाऱ्यांचाही एक उपपंथ आहे. म्हशीचे दुखणे आणि पखालीला इंजेक्शन, अशी त्यांची गत. तांब्याने कोळंब्या, गोगलगायी, अ‍ॅनिमोन मरतात. प्रवाळाची वाळू आणि दगड ते शोषून घेतात, त्यामुळे प्रमाण कधी टिकत नाही. आणि तांबे कातडीखालच्या परजीवीला मारत नाही, कवचातल्यालाही नाही. ते मारते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून ते अखंड आणि मोजून ठेवावे लागते.

माझे म्हणणे असे, की या रोगात मासा आणि टाकी असे दोन रोगी असतात. त्यांना वेगळे करा. माशाला औषध द्या, टाकीला उपास घडवा.

मासे, सगळेच्या सगळे, ठिपके असोत वा नसोत, वेगळ्या टबात घ्या. तळाला वाळू नको, दगड नको. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरे. स्पंज फिल्टर, हीटर, आणि रोज अमोनियाची चाचणी. साध्या तांब्याचे प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, हळूहळू चढवलेले, किमान तीन आठवडे. (दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या, म्हणजे चिलेटेड, तांब्याच्या औषधांचे आकडे वेगळे असतात, बाटलीवरचेच पाळा. शार्क आणि पाकट यांना तांबे सोसत नाही.) तांबे नको असेल तर क्षारता हजारी ३५ वरून १५ च्या खाली, पायरीपायरीने आणून तीन-चार आठवडे ठेवता येते. ही वाट इस्रायलच्या एलात येथे अँजेलो कोलोर्नी यांनी १९८५ मध्ये मत्स्यशेतीतल्या सागरी माशांवर दाखवली. मात्र कमी क्षारता सोसणारे वाण पुढे सापडले आहेत, आणि वेल्व्हेट नावाचा दुसरा रोग तर क्षारतेला मुळीच जुमानत नाही. अंगावर मिठाऐवजी सोनेरी भुकटी दिसली आणि मासा धापा टाकू लागला, तर वाट पाहू नका. दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी होते. तिथे तांबेच.

क्लोरोक्विनचेही नाव निघते. ते उपयोगी आहे, पण माहितगाराच्या हाती. २०२० च्या मार्चमध्ये अ‍ॅरिझोनात माशांसाठीचे क्लोरोक्विन करोनावरचे म्हणून घेऊन एक माणूस दगावला. माशांच्या औषधांना कुलूप हवे.

राहिली टाकी. कवचातून पिल्ले निघायला ३ ते ७२ दिवस लागू शकतात, असे कोलोर्नी आणि बर्जेस यांनी १९९७ मध्ये नोंदवले. त्यावरून पाळणाऱ्यांनी ७६ दिवसांचा नेम धरला. कोळंब्या, गोगलगायी राहू द्या. मासा एकही नको.

"अडीच महिने रिकामी टाकी बघायची?" हा आक्षेप मी समजू शकतो, मान्य करू शकत नाही. "मुंबईच्या घरात दुसऱ्या टाकीला जागा कुठे?" त्याला उत्तर पलंगाखाली आहे. "प्रवाळाला धक्का नको म्हणून रीफ-सेफ औषधाची बाटली वापरतो," असे म्हणणाऱ्याला तर मी उलट विचारतो: २००१ पासून आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तुमच्या टाकीत ते आले कुठून?

माझ्या टाकीचा आज एकेचाळिसावा दिवस. आत दोन कोळंब्या आणि गोगलगायी फिरताहेत. उरलेले चार मासे मागच्या खोलीत निळ्या टबात आहेत, आणि सकाळी त्यांनी लसणाशिवाय खाल्ले.