प्रयोग कुणाचा, परंपरा कुणाची?

आमच्या बीड जिल्ह्यात साहित्यविषयक चर्चासत्राचे उद्घाटन अनेकदा लोकवाद्यांच्या गजरात होते. वादकांना शाल-श्रीफळ मिळते, पाच मिनिटे मिळतात. मग ते निघून जातात आणि ‘प्रयोगशीलता’ या विषयावरील बीजभाषण सुरू होते. त्यात जॉन केज येतो. १९४० च्या सुमारास त्याने पियानोच्या तारांत स्क्रूसारख्या वस्तू अडकवून त्या वाद्याचा आवाजच पालटला, हे आदराने सांगितले जाते. तो आदर योग्यच आहे. आमचा आक्षेप त्या पाच मिनिटांच्या हिशेबाला आहे.

देवीच्या गाण्यांत वाजणारे चौंडके पाहा. लाकडी नळकांड्याच्या एका तोंडाला कातडे असते. त्यातून निघालेली तार दुसऱ्या, उघड्या तोंडातून बाहेर येते. वादक ती एका हाताने ताणतो, सैल सोडतो आणि दुसऱ्या हाताने छेडतो. स्वर एका जागी ठरत नाही; घसरतो, कण्हतो, बोलतो. सुरेल-बेसूर या आपल्या द्वंद्वात तो मावत नाही.

वरातीतला बेंजो घ्या. अमेरिकी बँजोशी त्याचे नाते नावापुरतेच. त्याचे कूळ १९१२ मध्ये जपानात घडलेल्या, टंकयंत्रासारख्या कळांच्या ताइशोगोतोचे. आपल्याकडे तो बुलबुलतरंग झाला. पुढे त्याला पिकअप बसले, अँप्लिफायर जोडला गेला, शेजारी ऑक्टोपॅड आला, गाडीवर कर्णे चढले. घरातले मंजुळ वाद्य रस्त्यावर कर्कश झाले, आणि ही कर्कशता निवडलेली आहे. चौकात गर्दी थबकली की वादक चाल मोडतो, एकच तुकडा घोळवतो, नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहून लय वाढवतो. बैठकीत याला आपण उपज म्हणतो, रस्त्यावर गोंगाट.

विद्युत्ध्वनीचा प्रयोग आपल्या देशालाही उपरा नाही. गीता साराभाईंनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला केजला भारतीय संगीताची ओळख करून दिली. १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडरच्या साहाय्याने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. तेथील ध्वनिफिती दशकानुदशके दुर्लक्षित राहिल्या. निवडक मुद्रणे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या संगीतकारांची नावे तरी टिकली. आमच्या चौंडकेवाल्याचे नाव निमंत्रणपत्रिकेवरही नसते.

कुणी म्हणेल, प्रयोगाला रूढी मोडण्याचा हेतू लागतो. ही तर उपासना, किंवा पोटापाण्याचा धंदा. आक्षेप अर्धा खरा आहे. चौंडकेवाल्याला ‘अवाँ-गार्द’ ठरवणे म्हणजे त्याच्या खांद्यावर आणखी एक शाल टाकणे. पण त्याला हेतू नाही, हे आपण कुणाला विचारून ठरवले?

मराठीत नाटकाच्या प्रत्येक सादरीकरणाला आपण ‘प्रयोग’ म्हणतो. दर खेपेला सारे नव्याने पणाला लागते, ही जाण भाषेतच मुरलेली आहे. ‘लोककला’ हा शब्द ती पुसून टाकतो. ‘लोक’ म्हटले की कर्ता नाहीसा होतो. ‘परंपरा’ म्हटले की काल रात्री त्याने काय वेगळे केले, हा प्रश्नच उरत नाही.

या घरांतली मुले आमच्याच वर्गांत बसतात आणि वडिलांच्या वाद्यावर ‘लोककलेची वैशिष्ट्ये’ म्हणून सात मुद्दे लिहून गुण मिळवतात. ते सात मुद्दे आम्हीच लिहून दिलेले असतात. यापुढे प्रश्न असा विचारावा: वादकाचे नाव काय, तारीख कोणती, आणि त्या रात्री त्याने नेमके काय केले? उत्तर लिहिण्यासाठी विद्यार्थ्याला आधी ऐकावे लागेल, तपासण्यासाठी आम्हालाही.