सकाळची बरकत आणि दहावीची लेक

उम्मतच्या सकाळच्या वेळेत बरकत मिळावी, अशी दुआ प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केली. ती सांगणारे सखर गामिदी (रजि.) व्यापारी होते, ते आपला माल पहाटेच रवाना करत आणि त्यातच त्यांची भरभराट झाली.

आमचाही अनुभव हाच. इशानंतर पेपर तपासताना बेरीज चुकायची. एका मुलीचे तर आठ गुण गळले होते. आता फजरनंतर, मालगुंडच्या किनाऱ्यावरून गार वारा येत असताना, आम्ही लाल पेन हातात घेतो.

लेकीलाही हाच नियम लावला आणि फसलो. नमाजनंतर ती पुस्तकावर डुलक्या घ्यायची, आम्ही ओरडायचो. या वयात शरीरातले घड्याळच पुढे सरकते, झोप उशिरा येते. तो आळस नव्हे. (बी.एड.ला किशोरवय शिकलो होतो, घरी विसरलो!) आता ती मगरिबनंतर गणिते सोडवते. फजर चुकवत नाही, पण त्यानंतर पुस्तक नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी थोडा कैलुला.

परवा म्हणाली, "अब्बा, तुम्ही दहावीत रात्री अकरापर्यंत कंदिलाजवळ बसायचात ना?"

दादीने सांगितले असणार.