किल्ली कोणाजवळ?

दिवाळीच्या साफसफाईत घरातली कोणती वस्तू भंगारात जायची, हे ठरविण्याचा अधिकार आमच्या घरी माझ्याकडे नाही. यंदा सौभाग्यवतींची नजर कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर गेली. दुकानदाराचा निकाल त्यांनी आधीच आणून ठेवला होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या, आणि पुढची आवृत्ती या यंत्राला पेलत नाही. सबब नवा घ्या, हा भंगारात द्या.

मी होकारार्थी मान हलविणार, इतक्यात आठवण झाली ती वडिलांच्या आठवणींची.

आमचे वडील शेतकरी. सातवी पास. म्हातारपणी त्यांनी एका वहीत आपले आयुष्य लिहून काढले, आणि २००४ साली मी ते याच यंत्रावर टंकित केले. पुढे वही वाळवीने खाल्ली आणि वडीलही गेले. उरली ती फक्त संगणकातली प्रत. ती उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा, कंसांचा आणि उद्गारचिन्हांचा नुसता काला! एक शब्द वाचता येईल तर शपथ.

वाचकहो, तुमच्याही घरी अशी एखादी लग्नपत्रिका, वंशावळ किंवा प्रबंध असेल, म्हणून कारण सांगतो. त्या काळचे बरेचसे मराठी टंक रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवीत. यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरेच. तो विशिष्ट टंक गेला, की मराठीचा मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे. टंक कोणताही वापरा, ‘क’ तो ‘क’च राहतो. ही सोय देवनागरीला १९९१ सालीच मिळाली होती, पण आमच्यापर्यंत यायला तिला बरीच वर्षे लागली.

मी पडलो मराठीचा मास्तर. मला एकदम महानुभावांची सकळ लिपी आठवली. आपले ग्रंथ परक्या हाती पडू नयेत म्हणून त्या पंथाने सांकेतिक लिप्या योजल्या. तेराव्या शतकातले ‘लीळाचरित्र’ त्यामुळे कितीतरी शतके बाकीच्या मराठी जगाला अपरिचित राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे आपल्या गद्याचा आरंभ आपल्याला वाचता आला. उलट, आमच्या श्रीगोंद्यात ज्यांची समाधी आहे त्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ घ्या. छापखाना येण्यापूर्वी तो टिकला तो ज्याला हवा त्याने उतरवून घेतला म्हणून. महानुभावांनी कुलूप निदान जाणूनबुजून लावले होते. मी मात्र वडिलांचे आयुष्य कुलपात ठेवले आणि किल्ली कोणाजवळ आहे, हे विचारलेसुद्धा नाही.

माझा एक विद्यार्थी मदतीला आला. आल्या आल्या म्हणाला, “सर, आधी सगळ्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग बाकीचं.” पहिला धडा हाच. मग त्याने एक पेनड्राइव्ह लावला आणि त्यावरून ‘लिनक्स मिंट’ नावाची प्रणाली चालू करून दाखविली. आतल्या कशालाही हात न लावता ती अशी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. छपाईयंत्र, आवाज, इंटरनेट सारे चालते की नाही ते पाहावे, आणि मन भरले तरच ती बसवावी.

“आणि किंमत?” सौभाग्यवतींचा प्रश्न.

“काही नाही, काकू. पण खरी गोष्ट ती नाही. याची घडण सगळ्यांना उघडी आहे. कोणीही पाहावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी.”

“म्हणजे नुसत्या चकल्या नाहीत, भाजणीचं प्रमाणसुद्धा देतात म्हणा की!” इतकी नेमकी व्याख्या मला वर्गात साधली नसती. १९९१ साली फिनलंडमधल्या लायनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि जगाला दिला. त्या भाजणीत पुढे हजारोंनी आपापले पीठ मिसळले. इंग्रजीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ या दोहोंना मिळून एकच शब्द असल्याने तिथे घोटाळा होतो. मराठीत दोन आहेत, तेव्हा आपण तरी घोटाळा करू नये.

तरीही सावधगिरीचा इशारा देतो. एखादे हिशेबाचे किंवा कचेरीचे काम विंडोजवरच चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर अडले असेल, तर उगाच धाडस करू नका. अशांनी विंडोजवरच ‘लिबर ऑफिस’ घेऊन पाहावे. २०१० साली ‘ओपन ऑफिस’मधून फुटून निघालेला हा संच विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो. त्यातला मजकूर ज्या ‘ओडीएफ’ पद्धतीने साठविला जातो, ती २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि तिचे नियम जाहीर आहेत. म्हणजे किल्ली चव्हाट्यावर टांगलेली. स्वतःची प्रत ओडीएफमध्ये ठेवावी आणि दुसऱ्याला नुसती वाचायला पाठवायची ती पीडीएफ करून, म्हणजे अक्षरे विसकटत नाहीत.

आता वडिलांच्या मजकुराकडे. त्याला लागणारा टंक मिळाला तो माळ्यावरच्या एका सीडीत, आणि ती सीडी वाचणारा कप्पा होता तो याच, भंगारात निघालेल्या यंत्राला! अक्षरे दिसू लागली, पण दिसणे म्हणजे सुटका नव्हे. विद्यार्थ्याने त्या टंकासाठी बनविलेला एक परिवर्तक शोधून सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणला. तरी ऱ्हस्व वेलांट्या सरकल्या होत्या आणि रफार भलतीकडे चढले होते. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्या’ यांतला अर्धा र तर बहुतेक ठिकाणी मोडलेला. (इनस्क्रिप्ट कळफलकावर तो सोपा आहे. शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य. ‘ऑफिस’मधल्या ‘ऑ’साठी शिफ्टसह उलटी तिरपी रेघ.) मुद्रिते तपासायला मला आठ संध्याकाळी लागल्या.

त्या आठ संध्याकाळींत मी वडिलांचे लेखन प्रथमच वाचले. २००४ साली मी ते टंकले होते, पण वाचले नव्हते. उरकले होते. बहात्तरच्या दुष्काळाच्या पानांवर एक वाक्य होते. तुझी आई लग्न होऊन आली त्याच वर्षी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, तिचे हात मला बघवत नसत. हे माझ्याच बोटांखालून गेले होते आणि मला ठाऊक नव्हते.

आईला विचारले. ती ओट्यापाशी लोणच्यासाठी लिंबे चिरीत होती.

“त्यात काय सांगायचं?” ती म्हणाली. “समदीच फोडत व्हती.” मग थोड्या वेळाने, “मला दे की वाचायला. अक्षर मोठं कर मात्र.”

अक्षर मोठे करायला गेलो आणि ते होईना! मी आकडा वाढवितो आणि देवनागरी ढिम्म. ज्यांना हा अनुभव आला असेल त्यांनी लिबर ऑफिसमध्ये ‘फॉरमॅट’मधले ‘कॅरॅक्टर’ उघडावे. तिथे टंक आणि आकार यांचे दोन विभाग असतात, एक रोमनसाठी आणि दुसरा ‘कॉम्प्लेक्स’ लिप्यांसाठी. आपली देवनागरी दुसऱ्यात मोडते. मी पहिल्याच विभागात खटपट करीत होतो. तो दुसरा विभाग दिसतच नसेल, तर ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, भाषा या वाटेने जाऊन कॉम्प्लेक्स लिप्यांची खूण चालू करावी आणि मराठी निवडावी.

वीस आकाराच्या अक्षरांत पाने छापून झाली. आईने चष्मा पुसला आणि पाने मांडीवर घेतली. संगणक कोपऱ्यात आहे तिथेच आहे. सौभाग्यवतींनी त्याच्यावर विणलेले एक आच्छादन घातले आहे. भंगाराची गोष्ट पुन्हा निघालेली नाही.

तुम्हीही या सुट्टीत एवढे करा. घरातली सर्वांत जुनी मराठी फाईल उघडून पाहा. वाचता आली, तर युनिकोडमध्ये आहे का ते तपासून तिची एक नक्कल दुसरीकडे ठेवा. वाचता आली नाही, तर माळ्यावरच्या सीड्या इतक्यात टाकू नका.