गृहव्यवस्था : विद्यार्थ्याच्या खाटेखालची जागा

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशाची धावपळ आटोपली की शहाड, कल्याण, डोंबिवली ह्या बाजूच्या कित्येक घरांत एक निराळीच तयारी सुरू होते. मुंबईच्या महाविद्यालयांत जाणारी मुले लोकलने रोज जाऊन येऊन करतात. परंतु पुण्यास अथवा सांगलीस प्रवेश मिळालेल्या मुलामुलींना वसतिगृहावाचून गत्यंतर नसते. मग आजी, आई, काकू अशा साऱ्याजणी सामान बांधावयास बसतात. चकली-लाडवांचे डबे, दोन चादरी, तीन रजया, जुन्या वह्या, नवी भांडी! दहा माणसांच्या घरात हे सारे सहज जिरले असते. पण तिघांच्या खोलीत एकाच्या वाट्याला एक खाट, एक टेबल व कपाटाचा एखादा कप्पा येतो. म्हणून त्या खाटेखालच्या जागेचा विचार ह्या वेळी करावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हिशेब पाहू. खाट सहा फूट लांब व तीन फूट रुंद असून तिच्याखाली फूटभर उंची मोकळी आहे असे धरले, तर जागा होते १८ घनफूट. सहा फूट उंच, दोन फूट रुंद व दीड फूट खोल अशा कपाटाचे आकारमानही तेवढेच भरते. अर्थात प्रत्येक विद्यार्थ्याच्या अंथरुणाखाली एक अख्खे कपाट आडवे पडलेले आहे! पायांखाली तीन इंचांचे लाकडी ठोकळे दिल्यास ही जागा आणखी चौथाईने वाढते. ठोकळ्यांना पाय बसेल एवढी खाच मात्र असावी. नुसत्या विटा सरकतात व रात्री खाट कलंडण्याचा संभव असतो. अर्थात असे काही करण्यापूर्वी रेक्टरची अनुमती घ्यावी.

ह्या जागेचे तीन पट्टे मनाने आखावेत. भिंतीलगतच्या पट्ट्यात सहामाहीतून एकदा लागणाऱ्या वस्तू, मधल्या पट्ट्यात आठवड्याने लागणाऱ्या, व पुढच्या पट्ट्यात रोजच्या. मागची पेटी ओढताना पुढचे सारे उपसावे लागू नये, म्हणून फळीला चार चाके ठोकून तीवर पेटी ठेवावी. झाकणाच्या आतल्या अंगास जिनसांची यादी चिकटवावी. केर काढताना फळी ओढली की खाटेखालीही केरसुणी फिरते. आणि जेथे केरसुणी फिरत नाही तेथे झुरळे व ढेकूण घर करतात. उघडी गाठोडी, पुठ्ठ्याची खोकी व वर्तमानपत्रांचे गठ्ठे ही ढेकणांची आवडती ठिकाणे होत. त्यांपेक्षा घट्ट झाकणाचे डबे व पेट्या बऱ्या. खाऊचा डबा तर खाटेखाली नकोच. मुंग्या आणि उंदीर त्याचा पत्ता लागलीच काढतात.

कोकणपट्टीच्या पावसाळ्यात दमटपणाचाही विचार केला पाहिजे. फरशी थंड, खाटेखालची हवा कोंडलेली, म्हणून बुरशी तेथे प्रथम धरते. लोखंडी पेटी फरशीवर टेकली तर बुडाशी गंजते. तिच्याखाली दोन लाकडी पट्ट्या द्याव्यात आणि भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवावे. ओली बादली, ओली छत्री व भिजलेले जोडे आत सारू नयेत. कपड्यांत वेखंडाचे तुकडे अथवा वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. डांबराच्या गोळ्यांची वाफ निजणाऱ्याच्या श्वासात जाते, तेव्हा त्या तेथे न ठेवणेच चांगले.

उल्हास नदीच्या आसऱ्याने राहणाऱ्या लोकांस आणखी एक गोष्ट वेगळी सांगावयास नको. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत कल्याणच्या आसपासच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. २०१९ च्या जुलैत ह्याच नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली, आणि पुढच्याच महिन्यात कृष्णेचे पाणी सांगली शहरात आले. पाणी घरात शिरले की पहिला बळी खाटेखालच्या सामानाचा. म्हणून जे भिजून वाळवता येईल तेच खाली ठेवावे. मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला व वह्या ह्यांची जागा नेहमी उंचावर. तळमजल्याची खोली असेल तर ह्या नियमास अपवादच नाही. गुणपत्रिकेची दुसरी प्रत मंडळाकडून मिळू शकते हे खरे. पण ती मिळेपर्यंत पुढच्या प्रवेशाची मुदत थांबत नाही. मूळ कागद शक्यतो घरीच ठेवून मुलाबरोबर प्रती द्याव्यात, आणि डिजिलॉकरमध्ये जे दाखले मिळतात ते तेथे जमा करून घ्यावेत.

इतके सांगून झाल्यावर घरातील वडील मंडळींस एक विनंती आहे. ती पेटी आपण भरू नये. मुलास भरू द्यावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत व आपली कामे आपल्या हातांनी करीत. स्वावलंबन हा तेथील शिक्षणाचाच भाग होता. आपल्या एकत्र कुटुंबातल्या मुलास हा धडा बहुधा मिळतच नाही. त्याचा टॉवेल कोणीतरी आणून देते, त्याचे पुस्तक कोणीतरी शोधून देते. काय न्यावे आणि काय मागे ठेवावे हे ठरविण्याचा प्रसंग त्याच्यावर आयुष्यात प्रथमच येतो. तो आपण हिरावून घेऊ नये. खाटेच्या चार पायांत मावेल तेवढेच न्यावयाचे, एवढी एकच अट घालावी. शेजारच्या खाटेवर निजणाऱ्या मुलाच्या जागेत आपले सामान पसरू न देणे, हा त्याच अटीचा दुसरा अर्थ.

आणि पेटीस कुलूप असावे, किल्ली मुलापाशी असावी. घरात त्याला स्वतःचे असे कपाट नव्हते, वसतिगृहात स्वतःची खोली नाही. ही १८ घनफुटेच काय ती त्याची एकट्याची. भेटीस गेल्यावर पेटी उघडून पाहण्याचा मोह आईबापांस होतो, तो आवरावा. त्याने आपणहून उघडून दाखविली तर मात्र आनंदाने पाहावी, आणि लाडवांच्या डब्यास जागा उरली आहे की नाही हे त्यालाच विचारावे.