तीन कंपन्या, एकच मुहूर्त : मोबाइल विलीनीकरणांचा ग्राहकाच्या खिशातील हिशेब

२७ जून २०२४ रोजी रिलायन्स जिओने दरवाढ जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी भारती एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांनी तीच वाट धरली. ३ व ४ जुलैपासून देशातील तिन्ही खाजगी मोबाइल कंपन्यांचे नवे दर लागू झाले. लोकसभा निवडणुकीचा निकाल लागून तेव्हा पुरते पाच आठवडेही उलटले नव्हते. डिसेंबर २०१९ मध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ मध्येही असेच घडले होते. एकाने दर वाढवायचे आणि आठवडाभरात उरलेल्यांनी त्याच्या मागोमाग जायचे. तीन मालक, तीन ताळेबंद. दरवाढीचा मुहूर्त मात्र एक!

याला कोणी योगायोग म्हणेल, कोणी गुप्त संगनमत म्हणेल. वस्तुतः दोन्ही स्पष्टीकरणांची गरज नाही. बाजारात विकणारे तीनच उरले, त्यांतील एक कर्जाने वाकलेला असला आणि गिऱ्हाइकाला चौथ्या दुकानाची वाट बंद असली, की एकमेकांना चिठ्ठी न पाठवताही दर एकत्र चढतात. प्रश्न असा आहे की, विकणारे तीनच का उरले आणि चौथ्या दुकानाची वाट कोणी अडवली?

स्पर्धेच्या पोटातून मक्तेदारी

देशातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री कॉ. ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी ते केले. त्या काळी प्रत्येक विभागात दोनच खाजगी कंपन्यांना परवाना होता. गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर पडे आणि आलेल्या फोनसाठीही पैसे मोजावे लागत. दोघांच्या बाजाराचे ते रूप होते.

ही कोंडी फुटली ती १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानंतर तिसरा परवाना सार्वजनिक क्षेत्राकडे आल्यावर. २००१ मध्ये महानगर टेलिफोन निगमने मुंबईत 'डॉल्फिन' सेवा आणली. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली. त्याच वर्षाअखेर रिलायन्स इन्फोकॉमही मैदानात उतरली. २००३ मध्ये येणारे फोन मोफत झाले. पुढे विक्रेत्यांची संख्या डझनाच्या आसपास गेली आणि २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाच्या हिशेबाने आकारणी सुरू करताच इतरांनाही ती स्वीकारावी लागली. दर उतरले ते कोणाच्या औदार्याने नव्हे. गिऱ्हाइकाला उठून दुसऱ्या दुकानात जाता येत होते, म्हणून उतरले.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली. मार्च २०१७ अखेरपर्यंत सेवा जवळजवळ फुकट देण्यात आली. इतर धंद्यांतील अफाट नफा हाताशी असणाऱ्यालाच असा तोटा सोसता येतो. एअरटेलने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. जून २०१७ मध्ये आयोगाने ती फेटाळली. कारण असे की, जिओचे बाजारात वर्चस्वच नाही, मग वर्चस्वाचा दुरुपयोग कसा होईल? कायद्याच्या कसोटीवर हे उत्तर बरोबर असेलही. पण त्याचा अर्थ असा होतो की, प्रतिस्पर्धी जिवंत असताना तक्रार ऐकली जाणार नाही. आणि ऐकण्याजोगी होईल तेव्हा तक्रार करायला कोणी उरणार नाही.

पुढचा क्रम सर्वांपुढे आहे. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या अखेरीस सामान्य ग्राहकांची मोबाइल सेवा गुंडाळली. फेब्रुवारी २०१८ मध्ये एअरसेलने दिवाळखोरीचा अर्ज केला. मे २०१८ मध्ये टेलिनॉर एअरटेलमध्ये विलीन झाली. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. जुलै २०१९ मध्ये टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलने घेतला. २०१७ मध्ये त्या सौद्याची घोषणा झाली तेव्हा टाटांचे सुमारे ४ कोटी ग्राहक होते. त्यांच्यासाठी रोख मोबदला ठरला नव्हता. लहरींच्या थकीत देण्यातील काही भार तेवढा एअरटेलने उचलायचा होता. गोठ्यासकट गुरे विकावीत तसे माणसांचे हे हस्तांतर झाले. गिऱ्हाइकाला कोणी विचारले नाही.

स्पर्धा वाढत वाढत एकवटीकरणाकडे जाते आणि एकवटीकरण मक्तेदारीकडे, हे लेनिन यांनी १९१६ मध्ये साम्राज्यवादाची चिकित्सा करताना दाखवून दिले होते. आपल्या डोळ्यांदेखत तीन वर्षांत ही सारी वाटचाल एका उद्योगाने पुरी केली. आज जिओ व एअरटेल या दोघांकडेच देशातील मोबाइल ग्राहकांपैकी जवळपास तीन चतुर्थांश ग्राहक आहेत.

दिलेली आश्वासने आणि पडलेली पावती

विलीनीकरणाचे समर्थक नेहमी दोन गोष्टी सांगतात. दोन जाळी एक झाली की खर्च वाचतो आणि तो ग्राहकाला परत मिळतो; मोठी कंपनी अधिक गुंतवणूक करते आणि सेवा सुधारते. कंपन्यांच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला जातो आणि तो झटकून टाकणे योग्य होणार नाही. २०१४ मध्ये अडीचशे रुपयांहून अधिक किमतीला मिळणारा एक जीबी डेटा पुढे दहा रुपयांच्या आसपास आला. हे खरे आहे आणि त्याचा लाभ विद्यार्थ्यांना, कारागिरांना, गावाकडे फोन करणाऱ्या स्थलांतरित मजुरांना झाला हेही खरे आहे. परंतु ही घसरण विलीनीकरणांमुळे झालेली नाही. ती मुख्यतः विलीनीकरणांच्या आधीच्या दरयुद्धात झाली. विलीनीकरणांनंतर दराची दिशा कोणती, हे पाहिले पाहिजे.

जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा पॅक २०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत १९९ रुपयांना होता. १ डिसेंबर २०२१ पासून तो २३९ आणि ३ जुलै २०२४ पासून २९९ रुपये झाला. तीन वर्षांच्या आत निम्म्याने वाढ! एअरटेलला एका ग्राहकामागे जुलै-सप्टेंबर २०१९ या तिमाहीत महिन्याला १२८ रुपये मिळत होते. २०२४ च्या त्याच तिमाहीत २३३ रुपये मिळाले. या पाच वर्षांत कोणत्या गिरणीत, कोणत्या शेतात मजुरी या गतीने वाढली, हे वाचकांनी आपापल्या भागात विचारून पाहावे.

सर्वांत लहान गिऱ्हाइकावर सर्वांत मोठा बोजा

दरवाढीचा खरा घाव मात्र सरासरीच्या आकड्यांत दिसत नाही. तो तळाच्या पॅकमध्ये दिसतो. एके काळी नंबर चालू ठेवण्यास फारसा खर्च येत नसे. दहा रुपयांचा टॉक-टाइम टाकून महिनोन्महिने फोन घेता येत. विलीनीकरणांची लाट सरत असताना, २०१८ च्या अखेरीस २८ दिवसांच्या किमान रिचार्जची सक्ती आली, ती ३५ रुपयांची. ही रक्कम टप्प्याटप्प्याने ९९ वर गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये एअरटेलने हरियाणा व ओडिशा येथे ९९ चा पॅक काढून १५५ रुपयांचा आणला आणि मग तो देशभर पसरवला. जुलै २०२४ मध्ये एअरटेल व व्होडाफोन आयडिया यांचा २८ दिवसांचा अमर्याद कॉलचा सर्वांत खालचा पॅक १७९ वरून १९९ रुपये झाला. जिओचा १५५ वरून १८९.

२८ दिवसांच्या 'महिन्या'ची मेख येथेच आहे. वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) जानेवारी २०२२ मध्ये ३० दिवसांचा निदान एक पॅक देण्याचा आदेश काढला. पण २८ दिवसांचा प्रघात मोडला नाही. १९९ गुणिले तेरा म्हणजे वर्षाला २,५८७ रुपये. घरात तीन फोन असले तर पावणेआठ हजार. २०१८ अखेरच्या ३५ रुपयांच्या दराने हाच नंबर वर्षभर ४५५ रुपयांत चालू राहिला असता.

यावर सांगितले जाते की, परवडत नसेल तर रिचार्ज करू नये. हा सल्ला देणाऱ्यांना आजचे जीवन ठाऊक नाही. बँकेचा ओटीपी, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, रेशनकार्डाची पडताळणी, गॅसची नोंदणी ही सारी मोबाइल नंबरला बांधली गेली आहेत. अंगणवाडी सेविकेला पोषणाची माहिती फोनवरूनच भरावी लागते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला मुकादमाचा फोन आला नाही तर त्या दिवसाचे काम गेले. सरकारने नंबर सक्तीचा केला आणि त्या नंबराची किंमत ठरवण्याचा अधिकार तीन कंपन्यांवर सोडला. ही वस्तू चैनीची राहिलेली नाही. पाणी आणि वीज यांच्या पंक्तीला ती येऊन बसली आहे.

डेटा न वापरणाऱ्या, साधा फोन बाळगणाऱ्या सुमारे १५ कोटी ग्राहकांसाठी ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी केवळ बोलणे व संदेश यांचे स्वतंत्र पॅक देणे बंधनकारक केले. कंपन्यांनी काय केले? एअरटेलने ८४ दिवसांच्या पॅकमधून डेटा वगळला आणि किंमत ठेवली ४९९ रुपये. टीका झाल्यावर ती ४६९ केली. नियामकाने दार उघडायला सांगितले आणि दुकानदाराने फट ठेवली.

सेवेचे काय?

विलीनीकरणाने सेवा सुधारते, या दाव्याची कसोटी व्होडाफोन आयडियावर लागते. एकत्र आल्या त्या दिवशी या कंपनीचे ग्राहक ४० कोटींवर होते आणि ती देशातील सर्वांत मोठी मोबाइल कंपनी होती. २४ ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तिच्यावर ५८ हजार कोटी रुपयांच्या घरात थकबाकी आली. जाळ्यात गुंतवणूक आटली आणि पुढच्या सहा-सात वर्षांत निम्मे ग्राहक निघून गेले. एअरसेल कोसळली तेव्हा तमिळनाडूतील लक्षावधी ग्राहकांचे फोन एकाएकी बंद पडले आणि नंबर बदलण्यासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. या उलथापालथीत टॉवरवरील कंत्राटी कामगार, विक्रेते, ग्राहककेंद्रांतील तरुण यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांची नोंद कोणत्याही विलीनीकरणाच्या करारात सापडणार नाही.

चौथे दुकान कोणी बंद ठेवले?

जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर सरकारने निवेदन काढले की, बाजारात तीन खाजगी व एक सार्वजनिक कंपनी आहे, दर मागणी-पुरवठ्यावर ठरतात. जनतेने त्या एका सार्वजनिक कंपनीकडे धाव घेतलीही. एकट्या जुलै महिन्यात बीएसएनएलचे २९ लाखांवर ग्राहक वाढले आणि तिन्ही खाजगी कंपन्यांचे घटले. पण पुढे हा ओघ टिकला नाही. कारण बीएसएनएलपाशी त्यांना द्यायला धड ४जी जाळेच नव्हते.

का नव्हते? २०१६ मध्ये खाजगी कंपन्या ४जी वर धावू लागल्या, तेव्हा बीएसएनएलला त्यासाठीच्या लहरीच देण्यात आल्या नाहीत. तो निर्णय ऑक्टोबर २०१९ मध्ये झाला. त्याच योजनेखाली ७८ हजारांवर कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्तीच्या नावाने घरी पाठवण्यात आले. २०२० मध्ये ४जी साहित्याची निविदा निघाली आणि जुलैमध्ये रद्द झाली. साहित्य देशी हवे, असे ठरले. देशी तंत्रज्ञान उभे राहिले पाहिजे, याबद्दल आपले दुमत असण्याचे कारण नाही. पण परदेशी साहित्यावर जाळी उभारणाऱ्या खाजगी कंपन्यांना ही अट नव्हती. स्वावलंबनाचा सारा भार एकट्या सार्वजनिक कंपनीच्या खांद्यावर आला. अखेर २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या देशी ४जी जाळ्याचे उद्घाटन झाले. जिओच्या आगमनाला तोवर नऊ वर्षे झाली होती.

दुसरीकडे व्होडाफोन आयडियाकडे पाहा. २०२३ मध्ये १६ हजार कोटींहून अधिक आणि २०२५ मध्ये सुमारे ३७ हजार कोटी रुपयांची देणी सरकारने भागभांडवलात रूपांतरित केली. सरकारचा वाटा ४९ टक्क्यांच्या उंबरठ्यावर गेला. सर्वांत मोठा भागधारक सरकार आणि कारभार मात्र खाजगी प्रवर्तकांचा! ही कंपनी बुडू दिली असती तर बाजार दोघांच्याच हाती गेला असता, हे मान्य केले तरी एक प्रश्न उरतोच. जनतेचा पैसा जनतेच्या मालकीत गेला, तर त्याच्या मोबदल्यात जनतेच्या नावाने एक साधी अटही का घालण्यात आली नाही? तळाच्या पॅकचा दर गोठवा, इतके तरी म्हणता आले असते.

काय मागायचे?

मोबाइलचे दर कंपन्यांनीच ठरवावेत, हे धोरण डझनभर विक्रेत्यांच्या काळातले आहे. तीन विक्रेत्यांच्या बाजारात ते केवळ मक्तेदारीचे कवच ठरते. दर निश्चित करण्याचा अधिकार १९९७ च्या ट्राय कायद्याच्या ११ व्या कलमात आहे; नवा कायदा करण्याचीही गरज नाही. तो अधिकार वापरून किमान सेवेचा, म्हणजे नंबर चालू ठेवणे, फोन येणे, ओटीपी मिळणे आणि ठरावीक मिनिटे बोलणे यांचा, कमाल दर बांधून द्यावा. रिचार्जचा महिना हा पंचांगातला महिनाच असावा. यापुढील कोणत्याही विलीनीकरणाला मंजुरी देताना दर, सेवा व कामगारांच्या नोकऱ्या यांच्या अटी घालाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बीएसएनएलला भांडवल, मनुष्यबळ आणि निर्णयाचे स्वातंत्र्य द्यावे. १९९५ ची कोंडी तिसऱ्या, सार्वजनिक दुकानाने फोडण्यास हातभार लावला होता. आजची कोंडीही त्यावाचून फुटणार नाही.

इंदूर असो, सुरत असो, बेळगाव असो की हैदराबाद, आपले सभासद जेथे जेथे काम करतात तेथे हा प्रश्न प्रत्येक घरात पोहोचलेला आहे. वस्तीच्या आणि कारखान्याच्या बैठकीत तेरा रिचार्जांचा हिशेब मांडून पाहावा. त्यासाठी लांबलचक भाषणाची गरज पडणार नाही. प्रत्येकाच्या खिशात तो हिशेब आहे; तो एकत्र मांडण्याचे काम तेवढे संघटनेचे आहे.