बोट आधी की जीभ?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी क्लॅरिओनेट वाजवले आणि माझी चांगलीच फजिती झाली. संथ चाल ठीक गेली. लय वाढली तसे वाद्य चिरकू लागले. मागून कोणीतरी ‘ए बँडवाल्या!’ म्हणून ओरडले. ते खोटे नव्हते. माझे वडील रिसोड तालुक्यात लग्नाच्या बँडमध्ये हेच वाद्य वाजवतात. मी मात्र कॉलेजात ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती.

आपली बोटे मंद आहेत असे समजून मी महिनाभर बोटेच पळवली. चूक वाढतच गेली. शेवटी वडिलांपुढे वाजवले. माणूस चौथी शिकलेला. डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, “बोटायचा दोस नाई. जीभ पुढं पयते अन् बोट मांगं राह्यते.”

खरेच तसे होते. पत्तीवरून जीभ सुटली की सूर निघतो. त्याआधी बोट भोकावर पक्के बसलेले हवे. जीभ क्षणभर आधी सुटली तर मागचाच सूर डोकावतो, नाहीतर अर्धवट झाकलेले भोक चिरकते. क्लॅरिओनेटवर खालच्या सुरांतून वरच्या सुरांत जाताना एक जागा अशी येते, की मोकळी असलेली जवळजवळ सगळी बोटे एकदम खाली यावी लागतात. माझी गाडी तिथेच अडे.

मग वडिलांनी रियाज लावून दिला. आधी एकच सूर. बोटे स्थिर, पायाच्या ठेक्यावर फक्त जीभ ‘तु तु तु’. नंतर जीभ गप्प, एका श्वासात फक्त बोटांनी अलंकार. मग दोन्ही मिळून, पण इतके संथ की ऐकणाऱ्याला झोप यावी. (आईला येई!) जिथे अडे तिथले दोनच सूर घोळायचे, एकदा पहिला लांब व दुसरा तोकडा, एकदा उलट. तीनदा स्वच्छ आल्याशिवाय लय वाढवायची नाही.

आपण टाळ्या देतो त्या वेगाला. म्हणून शिकणाराही वेगापासूनच सुरुवात करतो, आणि माझ्या मते तिथेच फसतो.

दुसरेही मला खटकते. भरताच्या नाट्यशास्त्रात तिसावा अध्याय वेणूचा आहे. भोकावरून बोट पूर्ण उचलावे, अर्धे उचलावे की कापते ठेवावे, याचा विचार त्यात आहे. त्याला आपण शास्त्र म्हणतो. तीच गोष्ट बँडवाल्याने सांगितली की तो धंदा! काशीच्या बालाजी मंदिरात रियाज केलेल्या बिस्मिल्ला खाँसाहेबांना 2001 साली भारतरत्न मिळाले. बालाजीचे मंदिर आपल्या वाशीमलाही आहे, सनईवालेही आहेत. त्यांच्या वाद्याला मंगलवाद्य म्हणायचे आणि त्यांना शेवटच्या पंगतीला बसवायचे, ही आपली रीत. एखाद्या वाजंत्र्याला कॉलेजात बोलावून तासभर शिकवायला सांगितले, तर काय बिघडेल?

यंदा मी पुन्हा नाव दिले आहे. वडिलांना पुढच्या रांगेत बसवणार आहे. त्या दिवशी लग्नाची तिथी नसली म्हणजे झाले.